आधी डोळा, मग पुस्तक : आठवीच्या वर्गाला पेशी दाखवण्याच्या नोंदी

गेल्या वर्षी आठवीच्या प्रयोगवह्या तपासताना लक्षात आलं की कांद्याच्या पेशीची आकृती सगळ्या वह्यांत एकसारखी आहे. प्रत्येकीत तंतुकणिका, गॉल्जी संकुल आणि आंतर्द्रव्यजालिका असे पेशीच्या आतले बारीक भाग, शिवाय रंगीत पेन्सिलींचं नीटनेटकं काम. आणि एकाही मुलाने सूक्ष्मदर्शीला डोळा लावलेला नव्हता. दोष मुलांचा नव्हता, मी दाखवलंच नव्हतं. म्हणून यंदा ठरवलं की आधी पाहायचं आणि जे दिसेल तेवढंच काढायचं. पुस्तक त्यानंतर उघडायचं.

शाळा कणकवली तालुक्यातल्या एका गावात आहे. मुलं ४१, सूक्ष्मदर्शी दोन, तास ३५ मिनिटांचा. अशाच परिस्थितीत हे करू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी या नोंदी ठेवते आहे. झालेल्या चुकाही लिहिते, म्हणजे तुमचे तेवढे दिवस वाचतील.

१८ जून २०२४

कपाट उघडलं. दोन्ही सूक्ष्मदर्शी आरशाचे, साध्या शालेय बनावटीचे, १० आणि ४५ पट ऑब्जेक्टिव्ह (वस्तूजवळची खालची भिंगं) असलेले. पहिल्याची नळी मोठा नॉब सोडला की आपोआप खाली घसरते. दुसऱ्याच्या आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या वरच्या भागात, कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली आहे. कोकणात भिंगं चार पावसाळे बंद कपाटात राहिली की असंच होणार. काचपट्ट्यांचा खोका अर्धा भरलेला आहे, पण कव्हरस्लिपा, म्हणजे वरून झाकायच्या पातळ काचा, एकमेकींना चिकटून बसल्या आहेत. सॅफ्रानिन या लाल रंगाची बाटली तळाशी सुकून गेली आहे.

घसरणारी नळी पाच मिनिटांत दुरुस्त झाली. मोठ्या नॉबच्या दोन्ही बाजू दोन हातांत धरून एकमेकींच्या उलट दिशेला पिळल्या की तो घट्ट होतो. हे माहीत नव्हतं म्हणून हा सूक्ष्मदर्शी इतकी वर्षं 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी लावून कपाटात पडला होता.

२० ते २२ जून

बुरशी काढायला आयपीस उघडला. आत दोन भिंगं असतात, एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने फुगीर. लेन्स साफ करण्याच्या कागदाने आणि द्रवाने पुसली. बुरशी निघाली, पण जिथे तिने काच खाल्ली होती तिथे फिकट डाग उरला. तो जाणार नाही. पाहताना त्याचा विशेष त्रासही होत नाही.

चूक झाली ती परत बसवताना. वरचं भिंग मी उलटं बसवलं. चित्र धूसर दिसायला लागलं, कडा तर पार विरघळलेल्या. मला वाटलं ऑब्जेक्टिव्हमध्येही बुरशी असणार, आणि दोन संध्याकाळी त्याच्यावर घालवल्या. शेवटी पहिल्या सूक्ष्मदर्शीचा आयपीस उघडून ताडून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. या जुन्या पद्धतीच्या आयपीसमध्ये दोन्ही भिंगांची सपाट बाजू डोळ्याकडे हवी आणि फुगीर बाजू खाली. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, किंवा भिंगाच्या कडेला पेन्सिलीने बारीक खूण करा.

ठेवण्यासाठी झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि निळ्या सिलिका जेलच्या पुड्या घेतल्या, ३४० रुपये. पुडी गुलाबी झाली की दमट झाली असं समजायचं आणि तवा तापवून भाजून परत निळी करायची. हा तवा वेगळाच ठेवा, स्वयंपाकाचा नको.

२४ जून

कोल्हापूरहून सामान आलं. कव्हरस्लिपांचे दोन खोके, सॅफ्रानिन, ड्रॉपर, चिमटे, दोन सुया. एकूण ६१० रुपये.

शाळा सुटल्यावर एकटीच बसले. कांद्याचा जाड पापुद्रा घेतला, आतल्या खोलगट बाजूने तडकवला आणि सुटलेली पातळ साल चिमट्याने ओढली. पाण्याच्या थेंबात पसरली, वर कव्हरस्लिप ठेवली आणि डोळा लावला. दिसला नुसता पांढरा उजेड.

तासभर मी चित्राचं मोठेपण वाढवत राहिले. १० पटीने दिसत नाही तर ४५ पटीने दिसेल, या समजुतीने. त्यात एक कव्हरस्लिप फुटली. खरा घोटाळा उजेडाचा होता. बाहेर पाऊस, आकाश काळं, म्हणून मी आरशासमोर टॉर्च लावला होता आणि उजेड जास्तीत जास्त यावा म्हणून डायफ्रॅम, म्हणजे उजेडाची वाट लहानमोठी करणारी झडप, पूर्ण उघडला होता. कांद्याची साल काचेइतकी पारदर्शक असते. प्रकाशाचा लोंढा तिच्यातून सरळ निघून जातो, कडा उमटतच नाहीत. वैतागून डायफ्रॅमची दांडी बंद करत आणली आणि एका क्षणी विटांच्या भिंतीसारख्या पेशी समोर उभ्या राहिल्या. रंग न घालता केंद्रकही दिसलं, फिकट, बटणासारखं गोल.

या सगळ्या नोंदींतून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. आधी उजेड कमी करा, मोठेपणाचं नंतर बघू. टॉर्चच्या काचेवर बटर पेपरचा तुकडा चिकटवा म्हणजे बल्बची सावली पडत नाही.

२७ जून : वर्गातला पहिला दिवस

पूर्ण फसला, म्हणून सविस्तर लिहिते.

दोन सूक्ष्मदर्शी मांडले आणि मुलांच्या दोन रांगा केल्या. एकाला दोन मिनिटं धरली तरी वीस मुलांना चाळीस मिनिटं लागतात, आणि तास ३५ मिनिटांचा. हा साधा हिशेब मी आधी केला नव्हता. मागची मुलं कंटाळली, पुढच्यांनी घाईत मोठा नॉब खाली फिरवला. तीन कव्हरस्लिपा आणि एक काचपट्टी फुटली.

तरी २३ जणांनी पाहिलं आणि आकृत्या काढल्या. घरी येऊन पाहिलं तर त्यातल्या १७ जणांनी जाड काळ्या काठाची सुंदर वर्तुळं काढली होती आणि शेजारी लिहिलं होतं 'पेशी'. मधल्या चमकत्या ठिपक्याला 'केंद्रक'. ते सगळे हवेचे बुडबुडे होते.

मुलांनी प्रामाणिकपणे पाहिलं होतं. काचेखाली सगळ्यात ठळक काय दिसतं? बुडबुडाच. काय पाहायचं हे मी सांगितलं, काय सोडून द्यायचं हे सांगितलंच नाही.

१ जुलै

बदललेली पद्धत अशी. आठ-आठ मुलांचे गट, रोज एक गट, मधल्या सुट्टीनंतरचा तास. हेडसरांनी वेळापत्रकात जागा करून दिली. बाकीची मुलं तेव्हा बाकावर कांद्याची साल काढण्याचा सराव करतात. पातळ, न दुमडलेली साल काढायला प्रत्येकाला पाच-सहा खेपा लागतातच.

पहिली पट्टी मुद्दाम बुडबुड्यांची. नुसत्या पाण्यावर कव्हरस्लिप धपकन टाकायची आणि दाखवायचं, 'हा बुडबुडा. कड जाड काळी, आतून लखलखीत. हा कुठेही भेटेल, याला ओळखून ठेवा.' मग खरी पट्टी. कव्हरस्लिपची एक कड पाण्याला टेकवून, दुसरी सुईवर तोलून हळूहळू खाली सोडायची.

नॉबचा नियम फळ्यावर लिहिला. बाजूने बघत नळी खाली आणायची, डोळा लावल्यावर फक्त वर न्यायची. त्यानंतर आजपर्यंत एकच कव्हरस्लिप फुटली आहे.

सॅफ्रानिन पहिल्यांदा पाच मिनिटं ठेवलं तर भिंत, केंद्रक, सगळंच लालभडक झालं. एक मिनिट पुरतं, त्यानंतर दोनदा पाण्याने धुवायचं. टिंक्चर आयोडीनचा थेंब चौपट पाण्यात मिसळला तरी काम होतं, केंद्रक पिवळट तपकिरी उठून दिसतं. मला आयोडीन जास्त आवडलं. स्वस्त आहे आणि जास्त झालं तरी चित्र बिघडत नाही.

आज एका मुलीने विचारलं, 'बाई, ही वनस्पतीची पेशी ना? मग हिरवं काहीच कसं नाही?' वर्षभराची मेहनत या प्रश्नासाठी करावी असा प्रश्न. कांदा जमिनीखाली वाढतो, साठवणीचा अवयव आहे, त्याला हरितलवकं, म्हणजे पानांना हिरवेपणा देणारे दाणे, लागतच नाहीत. पुस्तकातली आकृती ही कुठल्या एका पेशीची नसते, अनेक पेशींत आढळणारे भाग एकत्र करून ती काढलेली असते. हे मी मुलांना कधी सांगितलंच नव्हतं.

दुसरा प्रश्न, केंद्रक कडेला का चिकटलंय? त्यासाठी लाल कांद्याची बाहेरच्या बाजूची साल घेतली. रंग न घालता पेशी जांभळट गुलाबी दिसतात. तो रंग रिक्तिकेतल्या, म्हणजे पेशीच्या आतल्या पिशवीतल्या, रसाचा असतो, आणि रिक्तिका जवळजवळ सगळी पेशी व्यापते. केंद्रक आणि पेशीद्रव्य कडेला सरकलेले असतात ते त्यामुळे.

४ जुलै

मोजमाप. पारदर्शक पट्टीच्या मिलिमीटरच्या खुणा १० पटीच्या ऑब्जेक्टिव्हखाली ठेवल्या. दिसणारं वर्तुळ साधारण दीड मिलिमीटर भरलं. त्यात कांद्याच्या पाच पेशी लांबीने बसल्या. म्हणजे एक पेशी सुमारे ०.३ मिलिमीटर, मिठाच्या बारीक कणाएवढी. मुलांनी मिठाचा कण शेजारी ठेवून खात्री करून घेतली, ती कल्पना त्यांचीच.

बाटलीच्या बुचाचा ब्लेडने काढलेला पातळ काप दाखवला. १६६५ मध्ये रॉबर्ट हुकने बुचातच हे कप्पे पाहिले आणि त्यांना 'सेल' म्हटलं. बूच मृत असतं, आत केंद्रक नाही, द्रव्य नाही, राहिल्या आहेत फक्त भिंती. मागच्या बाकावरचा मुलगा पाहून म्हणाला, 'बाई, ही मुंबैकरांची घरां. बंद.' गावात गणपतीपुरतीच उघडणारी घरं किती आहेत हे या मुलांना कोणी सांगायला नको. मृत पेशी आणि जिवंत पेशी यांतला फरक याहून नेमका मला सांगता आला नसता.

११ जुलै : गालाच्या आतल्या पेशी

पालकसभेत आधी विचारून घेतलं होतं. नियम असे : प्रत्येकाने फक्त स्वतःच्या गालाची पेशी घ्यायची, आइस्क्रीमची नवी काडी वापरायची, वापरलेली काडी लगेच ब्लीचिंगच्या पाण्यात. बोट टोचून रक्त काढायचं नाही, मुलांनी कितीही आग्रह केला तरी.

मेथिलीन ब्लू मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं, ६० रुपये. तसंच वापरलं तर सगळं निळंशार होतं. दहा थेंब पाण्यात एक थेंब पुरतो. साधं पाणी न घेता अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ घातलेलं पाणी घेतलं, पेशी जास्त नीट राहिल्या.

पेशी सापडेनात म्हणून पहिल्या गटाचा अर्धा तास गेला. कारण मुलं कांद्यासारखी भिंत शोधत होती. इथे भिंत नाही. पातळ, वाकड्यातिकड्या कडांच्या, कधी दुमडलेल्या चकत्या आणि मधोमध निळा ठिपका. एकदा एक सापडली की बाकीच्या दिसायला लागतात. हे शोधणंच शिकवण्यासारखं आहे. प्राणी पेशीला पेशीभित्तिका नसते हे वाक्य मुलांनी त्या दिवशी घोकलं नाही.

१५ ते २० जुलै : हायड्रिला

तळ्यातून हायड्रिला ही पाणवनस्पती आणली. त्याच्या पानाची जाडी फक्त दोन पेशींची असते, त्यामुळे काप काढावा लागत नाही, अख्खं पान काचपट्टीवर ठेवता येतं. उद्देश हा की पेशीद्रव्य वाहताना दिसावं.

सोमवार, मंगळवार काहीही हललं नाही. हिरवे दाणे दिसत होते, पण स्तब्ध. बुधवारी आषाढीची सुट्टी. गुरुवारी कारण लक्षात आलं. वनस्पती मी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात झाकणाच्या बादलीत ठेवली होती, अंधारात आणि गार पाण्यात. कोमट पाण्यात घालून अर्धा तास टॉर्चखाली ठेवली. पानाच्या मधल्या शिरेलगतच्या लांबट पेशींवर नजर लावली. दोन मिनिटं गेली. मग एक दाणा भिंतीलगत सरकला, त्यामागे दुसरा, आणि कोपऱ्यावरून वळून सगळी रांग परत आली.

बावीस वर्षं विज्ञान शिकवते आहे. हे मी स्वतः पहिल्यांदा पाहिलं. बराच वेळ डोळा काढला नाही.

शनिवारी पहिला गट आला. 'बाई, ठिपके चलतत!' असा ओरडा झाला आणि शेजारच्या वर्गातली मुलं दारात जमली. त्या दिवशी घंटेकडे लक्ष दिलं नाही, सगळ्यांना पाहू दिलं. हरितलवकं स्वतः पोहत नाहीत, वाहतं पेशीद्रव्य त्यांना वाहून नेतं, हे सांगायला हवं. नाहीतर मुलं त्यांना किडे समजतात, दोघांनी तसं लिहिलंही होतं.

मोबाइल आयपीसला रबरबँडने बांधून चित्रण केलं. मात्र मोबाइल मी सगळ्यात शेवटी आणते. आधी पडद्यावर दाखवलं की मुलं भिंगातून पाहायला येत नाहीत.

२३ जुलै : मिठाचं पाणी

ऱ्हीओ या शोभेच्या झाडाच्या पानाची खालची जांभळी साल. जिवंत पेशीत रंगीत रस भरलेला असल्याने पाणी निघून गेलेलं सरळ दिसतं.

पहिली चूक, मीठ विरघळेल तितकं घातलं. पेशी क्षणात आकसल्या, पण साधं पाणी दिल्यावर परत फुलल्या नाहीत. मेल्या होत्या. दुसऱ्या खेपेला १०० मिलिलिटर पाण्यात ४ ग्रॅम मीठ. कव्हरस्लिपच्या एका कडेला थेंब, दुसऱ्या कडेला टिपकागद. चार-पाच मिनिटांत जांभळा गोळा भिंतीपासून सुटून आत सरकला. साधं पाणी ओढून घेतल्यावर हळूहळू पुन्हा भिंतीला भिडला. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी का सुटतं हे सगळ्यांना माहीत होतं, आता ते एका पेशीत पाहिलं. रससंकोच हा शब्द त्यानंतर सांगितला.

इथे एक गोष्ट नीट बोलावी लागते. प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीद्रव्याभोवतीचा पातळ पडदा, आपल्याला दिसलेलं नाही. त्याची जाडी ७-८ नॅनोमीटर, आणि उत्तम प्रकाश सूक्ष्मदर्शीलाही साधारण २०० नॅनोमीटरच्या खालचे बारकावे वेगळे दाखवता येत नाहीत. आपण पाहिलं ते हे की रंगीत रस भिंतीपासून सुटला तरी सांडला नाही. म्हणजे त्याला धरून ठेवणारं काहीतरी आहे. वहीत आम्ही दोन रकाने केले, 'दिसलं' आणि 'दिसलं त्यावरून समजलं'. प्रद्रव्यपटल दुसऱ्या रकान्यात.

३० जुलै

तंतुकणिका दाखवण्याचा प्रयत्न सोडला. ओळखीच्या एका कॉलेजमधून जेनस ग्रीन या रंगाच्या पुडीची चिमूट मिळाली होती, जिवंत पेशीतल्या तंतुकणिका ती निळसर हिरव्या रंगवते. तीन दिवस घालवले. ठिपके दिसले, पण त्यातले तंतुकणिका कुठले आणि धूळ किंवा न विरघळलेला रंग कुठला, हे मला स्वतःला खात्रीने सांगता येईना. मुलांना दाखवून 'त्याच तंतुकणिका' म्हणण्यापेक्षा न दाखवलेलं बरं.

मुलांना तसंच सांगितलं. मग तिसरा रकाना झाला, 'आपल्याला दिसलं नाही, इतरांनी पाहिलं'. कॅमिलो गॉल्जींनी १८९८ मध्ये चांदीच्या क्षारांनी चेतापेशी रंगवून त्यांच्या नावाचं संकुल पाहिलं. आंतर्द्रव्यजालिका पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी यावा लागला, ते वर्ष १९४५. हा रकाना भरताना वर्गात जी शांतता होती ती पुस्तक वाचून दाखवताना कधी मिळाली नव्हती.

५ ते १३ ऑगस्ट : विभाजन होणाऱ्या पेशी

हे दहावीच्या चार मुलींसाठी, शाळा सुटल्यावर. कांद्याची मुळं. पहिले दोन कांदे पाण्यात सडले, कारण तळ पूर्ण बुडवला होता. पाणी तळाला जेमतेम टेकलं पाहिजे आणि रोज बदललं पाहिजे.

पहिल्या मुळांत एकही विभाजन दिसलं नाही. दोन कारणं. मुळं दुपारी तीनला कापली होती, आणि टोकाऐवजी चांगला सेंटिमीटरभर तुकडा दाबला होता. दुसऱ्या खेपेला सकाळी साडेआठला कापली, एक भाग ॲसेटिक आम्ल आणि तीन भाग अल्कोहोलमध्ये दिवसभर ठेवली. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंशांवर आठ मिनिटं, ॲसिटोकार्मिन हा रंग, आणि फक्त शेवटचे दोन मिलिमीटर. गंजलेल्या सुईने ढवळलं की रंग गडद चढतो, हे खरं आहे. अंगठ्याने दाबताना कव्हरस्लिप बाजूला सरकली की पेशी गुंडाळल्या जातात, तीन पट्ट्या तशा गेल्या. टिपकागद ठेवून सरळ खाली दाबायचं.

शेकडो पेशींत चार सापडल्या, एकीत गुणसूत्रं दोन टोकांना निघालेली. कांद्याची १६ मोजता आली नाहीत. मुलींनी 'मोजता आली नाहीत' असंच लिहिलं. आम्ल आणि रंग मिळून ४२० रुपये. आठवीला हा प्रयोग देऊ नये असं माझं मत आहे.

२१ ऑगस्ट

आजवरचा खर्च १,४३० रुपये. वाया गेलेले दिवस मोजले तर अकरा.

आज परीक्षेसारखं बसवलं. प्रत्येकाने स्वतः पट्टी करायची, पाहायचं, काढायचं, पुस्तक बंद. ४१ पैकी ३४ जणांचं केंद्रक खरोखर जिथे दिसत होतं तिथे निघालं. चौघांनी कांद्याच्या पेशीत तंतुकणिका काढल्या. त्यांना एकेकाला बोलावून सूक्ष्मदर्शीपाशी उभं केलं आणि विचारलं, 'कुठे आहे, दाखव.' दोघांनी स्वतःहून खोडून तिसऱ्या रकान्यात लिहिल्या. उरलेले दोघं उद्या परत पट्टी करणार आहेत.

तिघांच्या पट्टीत साल दुमडली होती, त्यांना नवी साल दिली. आणि एका मुलीने पेशींच्या ओळीच्या मधोमध जाड काठाचं एक मोठं वर्तुळ काढून बाण केला आहे : 'हवेचा बुडबुडा. यामागच्या दोन पेशी दिसल्या नाहीत.'

तिला पूर्ण गुण दिले.